पाण्याखालची पायवाट

लुडिविन कास्तोंगे घरात दिवा लावायची नाही. अंधार पडला तरी स्वयंपाकघरात तशीच बसून राहायची. तिचा नवरा फिलियास लाकडाच्या गिरणीतून आला की त्यानेच बटण दाबायचं. शेजारणी म्हणायच्या, बाई चिक्कू आहे, बिल वाचवते. म्हणोत बापड्या. वीज यायची ती धरणावरून, धरणाचं पाणी होतं ला फूर्श गावावर, आणि त्या पाण्याखाली हिचं पोर होतं. पोराच्या छातीवर उभ्या असलेल्या पाण्याचा उजेड कुठली आई आपल्या हाताने लावेल? पण हे शेजारणींना सांगायची सोय नव्हती, म्हणून ती चिक्कू म्हणवून घेत राहिली.

दिवसा ती कॉलेजच्या हर्बेरियममध्ये असायची. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचं कोठार. भिंतभर कपाटं, कपाटांत जाड कागद, आणि प्रत्येक कागदावर एक झाड मुळासकट चपटं होऊन पडलेलं. आधी ती कॉलेजच्या धोबीखान्यात होती. तिथे झग्याला घातलेली तिची शिवण ब्रदर ओव्हिलांच्या नजरेत भरली आणि त्यांनी तिला उचलून वर आणलं. ब्रदर म्हणजे धर्मगुरूंच्या संघातले, पण बायबलपेक्षा गवतात जास्त रमणारे. ‘मादाम कास्तोंगे, देठाला टाका असा घाला की झाडाला कळता कामा नये,’ असं सांगायचे. ती जाड देठ दोऱ्याने टाचायची, नाजूक पानांवर गोंदाच्या पट्ट्या लावायची, आणि शेवटी कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवायची. झाडाचं नाव, कुठे सापडलं, कधी, कुणी उपटलं, जमीन कशी होती, एवढंच त्यात असे.

या नोकरीत तिला नकोसं वाटायचं ते एकच झाड. नाफालियम. झाड कसलं, बोटभर उंचीचं चिखलातलं तण. राखाडी रंगाचं, आणि अंगभर पांढरी मऊ लव. ओल्या कुंचल्याने ती लव सारखी करताना लुडिविनच्या हाताला ती थेट जावळासारखी लागे. ब्रदरांना मात्र त्याचं भारी कौतुक. कुठून कुठून नमुने यायचे आणि चिठ्ठ्यांवर दर वेळी तेच लिहावं लागायचं: तुडवलेली ओली जमीन, विहिरीच्या काठी, गाडीच्या चाकोरीत, शाळेच्या फाटकाशी.

‘हे दुसरीकडे कुठे येतच नाही का?’ एकदा वैतागून तिने विचारलं.

‘माणूस चालतो तिथे येतं,’ ब्रदर म्हणाले. ‘माणसाने चालणं सोडलं की उंच गवत याला गिळतं. पण बी मरत नाही हो. चिखलात पडून राहतं. वारा-ऊन लागलं की पुन्हा उठतं.’

ते बोलणं तिच्या मनात राहिलं.

आता पोराचं सांगायला हवं, आणि त्यासाठी आधी सासूचं.

लुडिविन ला फूर्शला सून म्हणून आली तेव्हा घरात झेफिरिन होती, फिलियासची आई. या बाईने सुनेचं एक दिवस धड जाऊ दिलं असेल तर शपथ. ‘मुलाला घोडी आणायला पाठवलं, तो शेळी घेऊन आला,’ हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, सून समोर भाकऱ्या उलटत असताना. फिलियासचंही आईशी पटत नव्हतं. ती अंथरुणाला खिळली तेव्हा तो दारातूनच काय हवं-नको विचारायचा, खोलीत पाऊल टाकायचा नाही. ती गेली. तिला दफनभूमीत मागच्या भिंतीलगत, ओळीत शेवटी पुरली. लुडिविन त्या दिवशी रडली नाही आणि नंतरही त्या थडग्यावर तिने कधी फूल ठेवलं नाही.

पुढच्या वसंतात लुडिविन बाळंत झाली. मुलगा. सुईणीने बाप्तिस्म्यासाठी पाण्याची वाटी हातात घेतली, पण पाणी कपाळावर पडायच्या आत सगळं संपलं होतं.

बाप्तिस्म्याआधी गेलेलं मूल ना देवाचं ना सैतानाचं. ते लिंबोत राहतं, म्हणजे मधल्या अंधाऱ्या ओसरीत, कायमचं, असं पाद्री सांगायचे. देह पवित्र जमिनीत चालायचा नाही, दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरायचा. घंटा नाही, मेणबत्ती नाही, नावही नाही. बापाने दिवेलागणीला गुपचूप खोकं घेऊन जायचं आणि बाळंतिणीने अंथरुणात पडून राहायचं. त्या काळी आमच्याकडे असंच होतं आणि कुणी तोंडातून ब्र काढत नसे. आज आठवलं की अंगाची आग होते.

फिलियास परत आला तेव्हा त्याच्या नखांत माती होती.

‘कुठे?’ तिने विचारलं.

‘कुंपणाबाहेरच्या कोपऱ्यात. एल्मच्या झाडाच्या अंगाला.’

एवढंच बोलणं झालं. उठायला लागल्यापासून ती रोज धार काढून झाली की त्या कोपऱ्याशी जायची. पावसात जायची, बर्फात जायची. स्वयंपाकघराच्या दारापासून एल्मपर्यंत गवत मरून वाट पडली. तिथे उभी राहून ती काय करायची ते कुणाला माहीत नव्हतं. ती त्याला हाक मारायची. चर्चने नाव दिलं नव्हतं, म्हणून तिने तिच्यापुरतं एक ठेवलं होतं.

मग धरण आलं. कंपनीने डोंगरावर नवं गाव वसवायचं ठरवलं, आणि मेलेल्यांनाही वर न्यायचं ठरवलं. पण कुंपणाच्या आतले तेवढेच. लुडिविन पाद्रींकडे गेली, त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग तिने नवऱ्याला धरलं.

‘फावडं घे आणि त्याला काढून आण. कुणाला कळणार नाही.’

‘आणतो,’ फिलियास म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही ‘आणतो’ म्हणाला. त्याच्या पुढच्या दिवशीही. शेवटी तिने ओरडून विचारलं तेव्हा गोठ्यात जाऊन बसला. एकदा ती स्वतःच फावडं घेऊन निघाली. पण एल्मपाशी पोचल्यावर तिने फावडं खाली ठेवलं. काय हाताला लागेल या धास्तीने ती तशीच माघारी आली. मग गाड्या भरल्या, घरं पाडली गेली, आणि एका शरदात ती डोंगराच्या कडेला उभी राहून पाणी चढताना बघत होती. आधी विहीर गेली, मग दार, मग वाट. एल्म तोडलेलाच होता.

तेव्हापासून ती नवऱ्याशी कामापुरतं बोलू लागली. वाटाण्याचं सूप झालंय. गिरणीचा डबा भरलाय. दुसरं मूल झालं नाही. होणार कसं, दोघांच्या मध्ये एवढं मोठं तळं! रविवारी प्रार्थनेनंतर फिलियास नव्या दफनभूमीत आईच्या दगडापाशी जाऊन उभा राहायचा आणि ही फाटकाशी पाठ करून थांबायची. तिला राग यायचा. जिवंतपणी आईच्या खोलीत न गेलेला माणूस मेलेल्या आईपाशी तासभर उभा राहतो, आणि स्वतःच्या पोरासाठी त्याचं फावडं उचललं गेलं नाही.

नळ नीट बंद झाला नाही की तिला झोप लागायची नाही. थेंब पडायचा आणि तिला वाटायचं, कुणी तरी पाण्यातून तोंड वर काढून श्वास घेतंय. मेलेलं श्वास घेत नाही हे काय तिला कळत नव्हतं? पण कळून उपयोग काय.

अशी वर्षं गेली. एकोणीसशे एकसष्टच्या उन्हाळ्यात धरणाचे दरवाजे दुरुस्तीला काढले आणि कंपनीने तलाव रिकामा केला. सप्टेंबरात ब्रदर ओव्हिला हर्बेरियममध्ये आले ते हात चोळतच.

‘मादाम, तुमचं गाव उघडं पडलंय. चिखलावर नाफालियम तरारलंय म्हणतात. मला नमुने हवेत. पुढच्या आठवड्यात दरवाजे बसतील, मग संपलं. याल बरोबर? मला तिथलं काहीच ठाऊक नाही.’

‘येते,’ ती म्हणाली. एवढ्या पटकन म्हणाली की ब्रदरांनी चष्म्यावरून पाहिलं.

नमुन्यांच्या पिशवीत तिने स्वतःचं सामान भरलं: लहान फावडं, इस्त्री केलेला पांढरा उशीचा अभ्रा आणि चर्चमधून भरून आणलेली पवित्र पाण्याची बाटली. या खेपेला हाताला काहीही लागलं तरी चालेल, पण पोराला वर आणायचं. फिलियासला तिने सांगितलं, कामावर उशीर होईल.

ला फूर्शला एकही आवाज नव्हता. पक्षी नव्हते, किडा नव्हता. चिखल सुकून भेगाळला होता आणि त्यातून चुलींचे दगड, चर्चच्या पायऱ्या, तळघरांची भगदाडं वर आली होती. कुजका, थंड वास येत होता. उतारावरचा गाळ उन्हाळ्यातल्या पावसांनी धुऊन नेला होता आणि खालची जुनी जमीन उघडी झाली होती. त्या जमिनीवर गाव उगवलं होतं. घरं नव्हेत, वाटा. तपकिरी चिखलावर राखाडी लवेच्या रेघा: दारापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून गोठ्यापर्यंत, सगळीकडून चर्चपर्यंत. माणूस एक नाही आणि सगळ्यांचं येणंजाणं तेवढं शिल्लक.

‘अद्भुत,’ ब्रदर पुटपुटले आणि गुडघ्यांवर बसले.

लुडिविनला ते अद्भुत वाटलं नाही. ही ओव्हिड लापेरियरची वाट, ही शाळामास्तरणीची. हा लंगडा दोनात, त्याची वाट दोन्ही बाजूंनी फाकलेली. मेलेले आणि पांगलेले लोक तिला आजूबाजूने चालल्यासारखे वाटू लागले. मग तिला स्वतःचा उंबरठा सापडला, आणि उंबरठ्यापासून एक बारीक, सरळ रेघ कोपऱ्याकडे गेली होती. तिचीच. इतक्या वर्षांनी आपलीच पावलं आपल्यापुढे चालत निघाली होती.

‘ब्रदर, तुम्ही चर्चच्या बाजूचं बघा,’ ती म्हणाली. ‘इकडचं मी बघते.’

ते दूर गेले तशी ती वाटेच्या टोकाशी बसली. एल्मचा बुंधा होता. तिने छातीवर क्रूसाची खूण केली आणि खणायला घेतलं. वरचा थर निघाला, खाली निळी चिकणमाती लागली. ती शेतकऱ्याची पोर होती. एकदा खणलेली जमीन पुन्हा पहिल्यासारखी कधीच होत नाही, माती वरखाली मिसळते, हे तिला सांगायला कुणी नको होतं. इथे निळ्याखाली पिवळी, पिवळीखाली रेती, सगळे थर जागच्या जागी. तिने डावीकडे खणलं, मग उजवीकडे, मग बुंध्याच्या पलीकडे. कुठेच कधी कुणाचं फावडं लागलेलं नव्हतं.

‘नाही,’ ती मोठ्याने म्हणाली. ‘इथेच. इथेच आहे तो.’

ब्रदर परत आले तेव्हा ती कोपरापर्यंत चिखलात होती. शेजारी दगडावर स्वच्छ अभ्रा घडी करून ठेवलेला होता. त्यांनी अभ्रा पाहिला, बाटली पाहिली. आयुष्यभर त्यांनी धर्माची शिकवण सांगितली होती. त्यातलं काही ते त्या वेळी बोलले नाहीत.

‘किती दिवसांचं होतं?’ त्यांनी हळूच विचारलं.

‘दिवसांचं नव्हतं, ब्रदर. दिवस मिळालाच नाही त्याला.’

त्यांनी तिच्या हातातून फावडं घेतलं, काळा झगा खोचला आणि स्वतः खणायला लागले. म्हातारा माणूस, धापा टाकत होता. शेवटी थांबले आणि म्हणाले, ‘मादाम, इथे कुणी कधी काही पुरलेलं नाही.’

ती बसून राहिली. इतकी वर्षं ऊन-पाऊस न बघता ती रिकाम्या जमिनीशी बोलत होती. मग तो कुठे आहे? कुठे टाकलं त्याला? नदीत? डुकरांच्या कोंडवाड्यात? नवऱ्याबद्दल तिच्या मनात जे जे आलं ते सांगण्यासारखं नाही.

‘तुमचा गोठा त्या बाजूला होता का?’ ब्रदरांनी विचारलं. ‘तिथून एक वाट निघते. मला आधी वाटलं गुरांची असेल. पण एकेरी आहे, आणि दफनभूमीची मागची भिंत पार करून जाते. गुरं काही भिंत चढत नाहीत.’

तिला अशी कुठलीही वाट माहीत नव्हती. ती उठली. गोठ्याच्या मागच्या दारापासून, घरातून दिसू नये अशा बेताने, ती रेघ खोलगटातून वळसा घेत गेली होती. भिंतीचे दगड एका जागी ढासळलेले होते, वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी पाय दिला की ढासळतात तसे. पलीकडे रिकाम्या कबरींचे खड्डे ओळीने होते. वाट शेवटच्या खड्ड्यापाशी थांबली होती. खड्ड्याच्या उशाकडच्या बाजूला, माणूस गुडघे टेकून बसेल एवढ्या जागेत, नाफालियम चटईसारखं दाट होतं.

‘हे कुणाचं थडगं?’ ब्रदरांनी विचारलं.

‘माझ्या सासूचं.’

खाली बसून तिने तळहात त्या लवेवर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तिने ती लव अशी मुद्दाम हाताळली.

‘ब्रदर, तुम्हाला नमुने हवेत ना? माझ्या वाटेवरचे सगळे घ्या. इथलं एकही उपटू नका.’

त्यांनी ऐकलं. त्या नमुन्यांचा कागद कॉलेजच्या कपाटात आहे. पाच लहान रोपं, टाके तिचेच, आणि चिठ्ठीवर जमिनीच्या जागी तिच्या अक्षरात लिहिलंय: जुनी पायवाट.

घरी आली तेव्हा फिलियास स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. दिवा त्याने लावलेला होता. तिने बूट काढले नाहीत. निळा चिखल फरशीवर पडत गेला आणि तो त्या चिखलाकडे बघत राहिला. तो चिखल कुठला, हे त्या गावच्या माणसाला विचारायला लागत नाही.

‘कुठून आलीस?’

‘घरून.’

त्याने सुरी खाली ठेवली.

‘कोपऱ्यात काही नाही, फिलियास. तिथे तू कधी फावडंच मारलं नव्हतंस. आणि गोठ्यामागून तुझ्या आईच्या खड्ड्यापर्यंत वाट उगवलीय. मला आता खोटं सांगू नकोस. माझ्यात ऐकायची ताकद नाही उरलेली.’

तो बोलला ते टेबलाकडे बघत.

‘कुंपणाबाहेर खड्डा खणायला गेलो होतो गं. पहिलं फावडं मारायला हात उठेना. कुत्र्यालासुद्धा आपण असं... मग भिंत चढलो. आईची माती अजून भुसभुशीत होती. तिच्या उशाशी ठेवला. म्हटलं, ही बाई कुणाला जवळ येऊ देत नाही. सैतानालाही देणार नाही.’

‘आणि मला रोज एल्मखाली पाठवलंस.’

‘तू पाद्रींना सांगितलं असतंस.’

‘मी?’

‘तू दर शनिवारी सगळं सांगायचीस, लुडिविन. दूध नासलं तरी पापाच्या कबुलीत सांगून यायचीस. त्यांनी त्याला उकरून बाहेर टाकला असता.’

ते खरं होतं. तिने नक्की सांगितलं असतं.

‘म्हणजे तो वर आलाय,’ ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. ‘तुझ्या आईबरोबर वर आणलाय त्याला. एवढी वर्षं डोंगरावर आहे तो, आणि मी फाटकाशी पाठ करून...’

‘मला माहीत नाही.’

‘काय माहीत नाही?’

‘वर आलाय की नाही ते.’ फिलियासने सालींचा ढीग बाजूला सारला. ‘कबरी उपसल्या त्या दिवशी कंपनीच्या मुकादमाने मला लाकडं ओढायला पाठवलं. संध्याकाळी आलो तर खड्डा रिकामा, आणि नव्या पेटीला खिळे ठोकलेले. विचारलं, आत काय काय ठेवलंत? तो म्हणाला, तुझी आई, आणखी काय असणार? माझं खोकं लहान होतं, साध्या फळीचं. मातीबरोबर बाजूला गेलं असेल. किंवा कुण्या भल्या माणसाने उचलून आत ठेवलं असेल. मी उपसलेली माती हाताने चाळली. काही मिळालं नाही. तू म्हणायचीस, जा, काढून आण. कुठून काढून आणू? तुला काय सांगू? म्हणून गोठ्यात जाऊन बसायचो.’

लुडिविन समोरच्या खुर्चीवर बसली. तिला त्याला मारावंसंही वाटलं आणि त्याचे हात धरावेसेही वाटले. दोन्ही जमलं नाही.

‘मग रविवारी तिथे दगडापाशी उभा राहून करतोस काय?’

‘हाक मारतो.’

‘कुणाला?’

‘त्याला. कळू दे कुठे आहे ते, म्हणून.’

‘हाक कशी मारतोस? त्याला नाव नव्हतं.’

‘मी ठेवलं. खोकं खाली ठेवताना. बिननावाचं कसं ठेवणार?’ एवढ्या वर्षांत हा शब्द त्याने माणसासमोर उच्चारला नव्हता. ‘आन्सेल्म.’

तिने ते नाव ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. परक्या मुलाचं वाटलं.

‘तू?’ फिलियासने विचारलं. ‘तूही ठेवलं असशील.’

‘ओनेझिम,’ ती म्हणाली. ‘रोज हाक मारायचे. पाणी भरल्यावरसुद्धा, इथे बसून, अंधारात.’

फिलियासने सोललेला बटाटा उचलला, पुन्हा ठेवला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

‘तू एका ठिकाणी एक नाव घेत होतास,’ लुडिविन म्हणाली. ‘मी दुसऱ्या ठिकाणी दुसरं. त्या पोराने ओ तरी कुणाला द्यायची, फिलियास?’